प्लॅटिनमवर हायड्रोजनची अधिशोषण ऊर्जा काढताना : कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

पाण्यापासून हायड्रोजन मिळवणाऱ्या उत्प्रेरकांवर संगणकीय काम सुरू करणारे बहुतेक विद्यार्थी प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठभागावर, म्हणजे अणूंचा सर्वांत दाट थर उघडा असलेल्या पृष्ठभागावर, हायड्रोजनचा एक अणू बसवून पाहतात आणि त्याची मुक्त ऊर्जा काढतात. त्यासाठी आधी अधिशोषण ऊर्जा, म्हणजे अणू पृष्ठभागावर किती घट्ट बसतो हे सांगणारी ऊर्जा, लागते आणि तिचे गणित सोपे दिसते. स्लॅबवर (म्हणजे पृष्ठभागाचा नमुना म्हणून घेतलेल्या, काही अणुथरांच्या पातळ तुकड्यावर) हायड्रोजन असतानाची ऊर्जा घ्यायची, तिच्यातून रिकाम्या स्लॅबची ऊर्जा वजा करायची, मग हायड्रोजन रेणूची अर्धी ऊर्जा वजा करायची. तरीही एकाच पृष्ठभागासाठी दोघांची उत्तरे अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टने वेगळी येतात, आणि दोघांच्याही गणना ‘यशस्वीपणे पूर्ण’ झालेल्या असतात. स्लॅबच्या दोन्ही ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (पुढे ‘ईव्ही’) घरातल्या असतात आणि हवे असलेले उत्तर एखाद्या दशांशाचे असते. तिन्ही गणना काटेकोरपणे सारख्या केल्या, तरच त्यांच्यातल्या चुका एकमेकींना रद्द करतात. कुठेतरी एक सेटिंग बदलले, तर उरलेली चूक थेट उत्तरात शिरते आणि प्रोग्रॅम त्याबद्दल काहीच बोलत नाही.

पुढचे टप्पे क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्रॅम आणि एएसई ही पायथन लायब्ररी वापरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिले आहेत. दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनाही क्रम हाच ठेवावा लागेल. घनता फलन सिद्धांताची, म्हणजे डीएफटीची, तोंडओळख आहे असे येथे गृहीत धरले आहे.

## टप्पा १ : गणनेआधी कागदावर ठरवायच्या गोष्टी

पहिली इनपुट फाइल लिहिण्याआधी पाच गोष्टी लेखी ठरवाव्यात. कोणता पृष्ठभाग, किती आच्छादन (म्हणजे पृष्ठभागावरील धातूच्या दर अणूमागे हायड्रोजनचे किती अणू), कोणते फंक्शनल (म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी डीएफटीत वापरायचे अंदाजी सूत्र), कोणत्या स्यूडोपोटेन्शियल फाइली (अणूच्या गाभ्याच्या जागी वापरायचे सोपे विभव देणाऱ्या) आणि शेवटचा आकडा कोणत्या एककात.

फंक्शनलची निवड येथे विशेष महत्त्वाची आहे. १९९६ चे पीबीई आणि १९९९ चे आरपीबीई ही दोन्ही प्रचलित आहेत. पृष्ठभागावर अणुरेणू प्रत्यक्षापेक्षा घट्ट चिकटलेले दिसण्याचा जो दोष पीबीईत आढळतो, तो कमी करण्यासाठी आरपीबीई तयार झाले, आणि हायड्रोजनच्या बाबतीत दोघांच्या उत्तरांत साधारण एक दशांश ईव्हीचा फरक सहज पडतो. आपला पीबीईचा आकडा दुसऱ्याच्या आरपीबीईच्या आकड्याशेजारी ठेवून ‘आमचा पृष्ठभाग अधिक घट्ट धरतो’ असे म्हणणे चूक आहे. व्हॅन डर वाल्स दुरुस्ती लावायची असेल, तर ती ठोकळ धातू (म्हणजे पृष्ठभाग नसलेला सलग धातू), स्लॅब आणि रेणू या तिन्हींना लावावी.

एककांबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की क्वांटम एस्प्रेसो ऊर्जा रिडबर्गमध्ये छापते, एएसई ती वाचून ईव्हीमध्ये देते आणि १ रिडबर्ग म्हणजे १३.६०५७ ईव्ही. आउटपुट फाइलमधून हाताने उचललेला आकडा आणि एएसईने दिलेला आकडा एकाच तक्त्यात मिसळले की घोटाळा ठरलेला. तक्त्याच्या प्रत्येक स्तंभावर एकक लिहावे.

सूचना : निकेल, कोबाल्ट किंवा लोखंड घेणार असाल, तर स्पिन-ध्रुवीकृत गणना करावी लागते आणि सुरुवातीचे चुंबकीय आघूर्ण शून्यापेक्षा वेगळे द्यावे लागते. शून्यापासून सुरू केलेली गणना बहुधा शून्यावरच राहते आणि चुकीची अवस्था बरोबर असल्यासारखी दिसते. प्लॅटिनमला याची गरज नाही.

## टप्पा २ : कटऑफ आणि के-पॉइंट यांची चाचणी

एकूण ऊर्जा स्थिर होईपर्यंत कटऑफ (म्हणजे गणनेत किती ऊर्जेपर्यंतचे समतल तरंग घ्यायचे ती मर्यादा) वाढवत नेण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती अनावश्यकही आहे आणि अपुरीही. अनावश्यक अशासाठी की एकूण ऊर्जेतली बरीचशी चूक वजाबाकीत निघून जाते. अपुरी अशासाठी की चाचणी फक्त प्लॅटिनमवर केली, तर हायड्रोजनच्या स्यूडोपोटेन्शियलला लागणारा जास्त कटऑफ लक्षातच येत नाही.

यासाठी एक छोटी प्रतिकृती घ्यावी. तीन थरांचा (१×१), म्हणजे दर थरात एकच अणू असलेला, स्लॅब, त्यावर हायड्रोजनचा एक अणू, तसाच रिकामा स्लॅब, आणि खोक्यात हायड्रोजनचा रेणू. प्रत्येक कटऑफला तिन्ही चालवून अधिशोषण ऊर्जा काढावी आणि ती ०.०१ ईव्हीच्या आत स्थिर झाली की थांबावे. अल्ट्रासॉफ्ट किंवा पीएडब्ल्यू प्रकारच्या फाइलींना तरंगफलनासाठी बहुधा ४० ते ६० रिडबर्ग पुरतात, पण त्यांना घनतेचा कटऑफ त्याच्या ८ ते १२ पट लागतो. इथे घनतेचा कटऑफ न दिल्यास प्रोग्रॅम तो चौपट धरतो. नॉर्म-कन्झर्व्हिंग फाइलींना चौपट चालतो, अल्ट्रासॉफ्टला नाही.

के-पॉइंटसाठी (म्हणजे इलेक्ट्रॉनांची गणना ज्या तरंग-सदिशांवर होते त्या बिंदूंसाठी) (१×१) ला १२×१२×१ घेतले, तर (२×२) ला ६×६×१ आणि (३×३) ला ४×४×१ घ्यावे, म्हणजे घनता सारखी राहते. पृष्ठभागाला लंब दिशेने एकच के-पॉइंट असावा, कारण व्हॅक्यूमच्या (स्लॅबच्या वर ठेवलेल्या रिकाम्या जागेच्या) पलीकडच्या स्लॅबशी कोणतेही बंधन अपेक्षित नाही. षट्कोनी सेलसाठी जाळी गॅमा-केंद्रित, म्हणजे शून्य तरंग-सदिशाचा गॅमा बिंदू धरून, ठेवावी. सरकवलेली जाळी षट्कोनी सममिती मोडते.

स्मिअरिंगसाठी (म्हणजे फर्मी पातळीजवळ इलेक्ट्रॉनांची भरण थोडी पसरवण्यासाठी) मार्झारी-व्हँडरबिल्ट पद्धत आणि ०.०१ ते ०.०२ रिडबर्ग रुंदी धातूंसाठी योग्य आहे. तीच रुंदी शेवटपर्यंत ठेवावी.

तपासणी : चाचणीचा आलेख काढताना उभ्या अक्षावर एकूण ऊर्जा नसून अधिशोषण ऊर्जा आहे ना?

## टप्पा ३ : ठोकळ धातूचा जालक स्थिरांक

प्लॅटिनमचा प्रयोगातून मिळालेला जालक स्थिरांक (म्हणजे स्फटिकाच्या घनाकार सेलची बाजू) ३.९२ अँगस्ट्रॉम आहे. पीबीई वापरून तो सुमारे ३.९७ येतो. स्लॅब बांधताना दुसरा आकडा, म्हणजे स्वतःच्या फंक्शनलने, स्वतःच्या स्यूडोपोटेन्शियलने आणि स्वतःच्या कटऑफने मिळालेला आकडा वापरायचा. प्रयोगाचा आकडा ‘अधिक खरा’ वाटतो म्हणून तो घेणाऱ्यांचा स्लॅब सुरुवातीपासूनच सव्वा टक्क्याने दाबलेला असतो. दाबलेल्या प्लॅटिनमचा डी-पट्टा (डी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा पट्टा) खाली सरकतो, हायड्रोजन सैल धरला जातो, आणि हा परिणाम उत्प्रेरकाचा गुणधर्म म्हणून प्रबंधात जातो.

ही चूक नकळत होण्याची एक वाटही आहे. एएसईमधील पृष्ठभाग बांधणाऱ्या फंक्शनला जालक स्थिरांक दिला नाही, तर ते आपल्या साठ्यातला संदर्भ आकडा घेते, आणि प्लॅटिनमसाठी तो ३.९२ आहे. त्यामुळे आकडा नेहमी स्वतः द्यावा.

काढण्याची रीत अशी. एका अणूचा प्रिमिटिव्ह सेल घ्यावा, १२×१२×१२ किंवा अधिक दाट जाळी ठेवावी, अपेक्षित स्थिरांकाच्या आजूबाजूला ७ ते ९ बिंदूंवर ऊर्जा काढावी आणि ऊर्जा आणि आकारमान यांचा संबंध देणारे बर्च-मर्नाघन समीकरण बसवावे. सेलचा आकार प्रोग्रॅमलाच बदलू देणारी गणना झटपट होते, पण तीत सुरुवातीच्या आकारमानाला धरून ठरलेल्या समतल तरंगांचा संच तसाच राहतो आणि उत्तर किंचित ढळते. ती वापरायचीच असेल, तर मिळालेल्या सेलपासून पुन्हा सुरू करून आकडा हलत नाही याची खात्री करावी.

## टप्पा ४ : स्लॅब बांधणे

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये.

जालक स्थिरांक ३.९७ असेल, तर शेजारच्या अणूंमधले अंतर २.८१ अँगस्ट्रॉम आणि दोन थरांमधले अंतर २.२९ अँगस्ट्रॉम येते. (२×२) सेलची बाजू ५.६१ अँगस्ट्रॉम होते, प्रत्येक थरात ४ अणू असतात, आणि चार थरांच्या १६ अणूंच्या स्लॅबची जाडी सुमारे ६.९ अँगस्ट्रॉम भरते. वर १५ अँगस्ट्रॉम व्हॅक्यूम ठेवले की सेलची उंची २२ च्या आसपास जाते. इनपुट फाइल उघडून हे आकडे ताडून पाहावेत. एएसईच्या फंक्शनमध्ये दिलेले व्हॅक्यूम स्लॅबच्या दोन्ही बाजूंना लागते, त्यामुळे १५ लिहिले की प्रत्यक्षात ३० मिळते. उत्तर बिघडत नाही, फक्त संगणकाचा वेळ वाया जातो. उलट बाजूने, एकूण १५ समजून ७ लिहिणाऱ्यांनी ते एकूण १४ होते हे ओळखून पुढे जावे.

थर किती घ्यावेत, हे ३, ४, ५ आणि ६ थरांवर अधिशोषण ऊर्जा काढूनच ठरवावे. चार थर बहुधा पुरतात, तीन थरांचा आकडा मात्र जाडीबरोबर वरखाली होताना दिसतो. खालचे दोन थर ठोकळ धातूच्या जागी स्थिर ठेवावेत आणि वरचे दोन मोकळे सोडावेत. कोणते थर स्थिर आहेत, हे चित्रात रंगवून पाहावे. अणूंचा क्रम वरून खाली आहे की खालून वर, यात गोंधळ होऊन वरचेच दोन थर स्थिर केलेले स्लॅब नवलाचे नाहीत.

आता द्विध्रुव दुरुस्ती. स्लॅबच्या एकाच बाजूला अणू बसवला की दोन्ही बाजूंचे कार्यफल (इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी ऊर्जा) वेगळे होते, आणि सेल पुन्हा पुन्हा मांडला जात असल्यामुळे व्हॅक्यूममध्ये एक कृत्रिम विद्युत क्षेत्र तयार होते. ते घालवण्यासाठी प्रोग्रॅम करवतीच्या दात्यासारखे विभव घालतो. त्या विभवाची उडी कुठे पडावी, हे आपण सांगायचे असते. न सांगितल्यास क्वांटम एस्प्रेसो ती सेलच्या उंचीच्या ०.५ पासून ०.६ पर्यंत घालतो. एएसई मात्र स्लॅब नेमका सेलच्या मध्यावर ठेवते. दोन्ही मूळ सेटिंगे तशीच ठेवली की उडी थेट प्लॅटिनमच्या थरांत पडते. कधी गणना अडखळते आणि चूक कळते. पण कधी ती निमूटपणे पूर्ण होते, आणि ते अधिक वाईट. यावर उपाय असा की स्लॅब सेलच्या तळाशी सरकवावा किंवा उडीचे स्थान व्हॅक्यूमच्या मध्यावर द्यावे. रिकाम्या स्लॅबलाही हीच दुरुस्ती, त्याच जागी, लावावी.

तपासणी : सेलच्या उंचीनुसार सरासरी विभवाचा आलेख काढावा. स्लॅबच्या दोन्ही बाजूंना रेषा सपाट असली पाहिजे आणि उडी व्हॅक्यूममध्येच दिसली पाहिजे. रेषा तिरकी असेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ५ : संदर्भ ऊर्जा, म्हणजे रिकामा स्लॅब आणि हायड्रोजन रेणू

रिकामा स्लॅब स्वतंत्रपणे शिथिल होऊ द्यावा, म्हणजे बले जवळजवळ शून्य होईपर्यंत मोकळे अणू हलू द्यावेत. हायड्रोजन बसवून शिथिल केलेल्या स्लॅबमधून नुसता हायड्रोजन काढून एकच ऊर्जा काढली, तर पृष्ठभागाची झालेली हालचाल हिशेबातून सुटते. सेल, के-पॉइंट, स्मिअरिंग आणि स्थिर थर हे सर्व पुढच्या गणनेसारखेच असावेत. (२×२) च्या रिकाम्या स्लॅबऐवजी (१×१) ची ऊर्जा चौपट करून वापरण्याचा मोह टाळावा.

हायड्रोजन रेणू १२ ते १५ अँगस्ट्रॉम बाजूच्या खोक्यात, फक्त गॅमा बिंदूवर, त्याच कटऑफने आणि त्याच स्यूडोपोटेन्शियलने काढावा. बंधाची लांबी सुमारे ०.७५ अँगस्ट्रॉम आली पाहिजे. हायड्रोजनच्या स्यूडोपोटेन्शियलमध्ये गाभ्याचे इलेक्ट्रॉन नसल्यामुळे येथे एकूण ऊर्जेवरूनही चाचणी करता येते. ती उणे २.३ रिडबर्गच्या जवळ असावी.

एकट्या हायड्रोजन अणूची ऊर्जा संदर्भ म्हणून घेऊ नये. रेणू तोडण्यास सुमारे ४.५ ईव्ही लागतात, म्हणजे दर अणूमागे सव्वादोन ईव्हीचा फरक पडतो. अधिशोषण ऊर्जा उणे २.७ सारखी आली, तर चूक इथेच झाली आहे असे खुशाल समजावे.

## टप्पा ६ : हायड्रोजन बसवणे आणि शिथिल करणे

(१११) पृष्ठभागावर चार जागा आहेत. अणूच्या डोक्यावरची, दोन अणूंमधल्या पुलावरची आणि तीन अणूंमधले दोन प्रकारचे खळगे. ज्या खळग्याच्या थेट खाली दुसऱ्या थरातला अणू असतो तो एचसीपी. ज्याच्या खाली दुसऱ्या थरात अणू नसून तिसऱ्या थरात असतो तो एफसीसी. नावांची अदलाबदल ही फार साधी आणि फार प्रचलित चूक आहे. चित्र वरून पाहून ठरवू नये, निर्देशांक पाहून ठरवावे.

खळग्यात हायड्रोजन पृष्ठभागाच्या थरापासून सुमारे ०.९ अँगस्ट्रॉम वर आणि डोक्यावर सुमारे १.५५ अँगस्ट्रॉम वर ठेवून सुरुवात करावी. २ अँगस्ट्रॉम वरून सोडलेला अणू शिथिल होताना बरेच फेरे खातो. अणू अचूक सममितीच्या जागी ठेवला, तर बाजूचे बल शून्य येते आणि पुलावरचा अणू तिथेच बसून राहतो, मग ती जागा खऱ्या अर्थाने स्थिर असो वा नसो. म्हणून त्याला बाजूला ०.०५ ते ०.१ अँगस्ट्रॉम सरकवूनच सुरुवात करावी.

बलाची मर्यादा प्रोग्रॅममध्ये मुळात ०.००१ रिडबर्ग प्रति बोर, म्हणजे सुमारे ०.०२६ ईव्ही प्रति अँगस्ट्रॉम असते. ऊर्जेसाठी ती चालते, पण पुढे कंपने काढायची असल्याने ०.०१ ईव्ही प्रति अँगस्ट्रॉमपर्यंत उतरावे. विद्युत घनता स्थिर व्हायला नकार देत असेल, तर मिक्सिंगचे प्रमाण (दर फेरीत नवी घनता किती मिसळायची ते) ०.२ ते ०.३ वर आणावे आणि स्थानिक थॉमस-फर्मी पद्धत वापरून पाहावी. लांबट सेलमध्ये घनता एका टोकाकडून दुसरीकडे हिंदकळते, त्यावर हा उपाय बहुधा लागू पडतो.

सामायिक संगणकावर, उदाहरणार्थ पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्मवर, काम करणाऱ्यांनी प्रोग्रॅमला कमाल सेकंदांची मर्यादा रांगेच्या मर्यादेपेक्षा थोडी कमी द्यावी. मग तो स्वतः नीट थांबतो आणि पुन्हा सुरू करता येतो. रांगेने मध्येच तोडलेल्या गणनेच्या फाइली अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात.

तपासणी : शिथिल झाल्यावर अणू सुरुवातीच्याच जागी आहे का? ‘पुलावरची ऊर्जा’ म्हणून नोंदलेला आकडा पुष्कळदा शेजारच्या खळग्याचा असतो, आणि दोन जागांच्या ऊर्जा तिसऱ्या दशांशापर्यंत सारख्या दिसल्या तर तेच झालेले असते.

प्लॅटिनमवर हायड्रोजनसाठी या जागांच्या ऊर्जा एकमेकींच्या जवळ असतात. ०.०५ ईव्हीपेक्षा कमी फरकावरून ‘सर्वांत अनुकूल जागा’ जाहीर करू नये. डीएफटीची जागांबाबतची चूक याच पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत उघडी पडलेली आहे. प्रयोगात तो रेणू अणूच्या डोक्यावर सापडतो, नेहमीची फंक्शनले त्याला खळग्यात बसवतात, आणि २००१ पासून ही विसंगती सर्वपरिचित आहे.

## टप्पा ७ : कंपने आणि मुक्त ऊर्जा

आतापर्यंत मिळालेला आकडा मुक्त ऊर्जा नव्हे. त्यात शून्यबिंदू ऊर्जेचा (म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानालाही उरणाऱ्या कंपनांच्या ऊर्जेचा) आणि एन्ट्रॉपीचा फरक मिळवायचा आहे.

हायड्रोजनला तिन्ही दिशांनी ०.०१ ते ०.०१५ अँगस्ट्रॉम हलवून, धातूचे अणू स्थिर ठेवून, तीन वारंवारता काढाव्यात. धातू फार जड असल्यामुळे त्याला स्थिर ठेवल्याने फारसे बिघडत नाही. विद्युत घनतेच्या स्थिरतेची मर्यादा येथे नेहमीच्या १०⁻⁶ रिडबर्गऐवजी १०⁻⁸ किंवा त्याहून कडक ठेवावी, नाहीतर सूक्ष्म बलांत केवळ गोंगाट मिळतो. तिन्ही वारंवारता खऱ्या आल्या पाहिजेत. एखादी ठळकपणे काल्पनिक आली, तर अणू खिंडीच्या माथ्यावर बसला आहे असे समजून टप्पा ६ कडे परतावे. दर १००० प्रति सेंटिमीटरला शून्यबिंदू ऊर्जा ०.०६२ ईव्ही भरते, एवढा हिशेब हाताशी ठेवावा.

वायूच्या बाजूला हायड्रोजन रेणूची वारंवारता सुमारे ४४०० प्रति सेंटिमीटर आहे. शून्यबिंदू ऊर्जा ०.२७ ईव्ही, त्यातली निम्मी ०.१४. एन्ट्रॉपी २९८ केल्व्हिनला व १ बार दाबाला १३०.७ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन असते, तिला तापमानाने गुणले की ०.४० ईव्ही आणि निम्मे ०.२० ईव्ही. पृष्ठभागावर बसताना ही एन्ट्रॉपी जवळजवळ सगळी गमावली जाते. शून्यबिंदूच्या फरकाचे सुमारे ०.०४ धरले की एकूण दुरुस्ती ०.२४ ईव्ही होते. नॉर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या हायड्रोजन-निर्मितीवरील कामापासून रूढ झालेला आकडा हाच. प्लॅटिनमसाठी त्यांची मुक्त ऊर्जा उणे ०.१ ईव्हीच्या जवळ आहे, आणि आरपीबीई वापरणाऱ्यांनी आपले उत्तर त्याच परिसरात येते का ते पाहावे.

या ०.२४ चा गैरवापर दोन प्रकारे होतो. काही जण स्वतःच्या वारंवारतांवरून दुरुस्ती काढतात आणि वर ०.२४ ही मिळवतात. दुसरे तोच आकडा ऑक्सिजन किंवा हायड्रॉक्सिलला लावतात, ज्यांच्याशी त्याचा संबंध नाही. धातूच्या खळग्यातल्या हायड्रोजनसाठी तो चालतो. सल्फाइडच्या कडेवर किंवा एकाकी अणूंच्या उत्प्रेरकांवर वारंवारता स्वतः काढाव्यात.

सूचना : ५० ते १०० प्रति सेंटिमीटरपेक्षा कमी वारंवारतेवरून हार्मोनिक सूत्राने काढलेली एन्ट्रॉपी अवास्तव फुगते. अशी वारंवारता आली, तर ती एका ठरावीक किमान मूल्यावर नेऊन ठेवावी आणि तसे केल्याचे लिहावे.

## टप्पा ८ : आच्छादन, सरासरी आणि फरक

(२×२) सेलमध्ये एक अणू म्हणजे पाव आच्छादन. परंतु हायड्रोजन-निर्मितीच्या विभवाला प्लॅटिनमचा पृष्ठभाग हायड्रोजनने बराचसा भरलेलाच असतो. रिकाम्या पृष्ठभागावर पहिला अणू किती घट्ट बसतो, यापेक्षा भरत आलेल्या पृष्ठभागावर पुढचा अणू किती घट्ट बसतो, हा प्रश्न अभिक्रियेच्या अधिक जवळचा आहे. त्यासाठी एक ते चार अणू क्रमाने बसवून प्रत्येक वेळी पूर्ण शिथिल करावे.

येथे दोन वेगळ्या राशी आहेत. सर्व अणूंच्या एकूण अधिशोषण ऊर्जेला अणूंच्या संख्येने भागले की सरासरी ऊर्जा मिळते. चार अणूंच्या ऊर्जेतून तीन अणूंची ऊर्जा आणि अर्धा रेणू वजा केला की चौथ्या अणूची फरक-ऊर्जा मिळते. समजा, पहिल्या तीन अणूंची प्रत्येकी ऊर्जा उणे ०.४० आणि चौथ्याची उणे ०.२० आली. चारांची सरासरी उणे ०.३५ होते. दुरुस्तीचे ०.२४ मिळवले की सरासरीवरून मुक्त ऊर्जा उणे ०.११ दिसते, तर चौथ्या अणूची अधिक ०.०४. चिन्हच बदलले. एका आकड्यावरून पृष्ठभाग भरलेला वाटतो आणि दुसऱ्यावरून शेवटची जागा रिकामी राहते. कोणती राशी दिली आहे, हे सांगितल्याशिवाय आकडा छापू नये, आणि ज्वालामुखी-आलेखावर (अधिशोषणाच्या ऊर्जेसमोर उत्प्रेरकाची क्रियाशीलता मांडणाऱ्या, मध्ये शिखर असलेल्या आलेखावर) बिंदू मांडताना सर्व धातूंसाठी एकच राशी व एकच आच्छादन वापरावे.

पॅलेडियम घेणाऱ्यांना एक जास्तीची अडचण येते. तिथे हायड्रोजन पृष्ठभागाखाली शिरतो आणि धातूचे हायड्राइड होते, त्यामुळे शुद्ध पॅलेडियमचा स्लॅब हा प्रत्यक्ष स्थितीचा अपुरा नमुना ठरतो.

## टप्पा ९ : विभव जोडणे

संगणकीय हायड्रोजन इलेक्ट्रोड ही रीत २००४ पासून वापरात आहे. तीत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या जोडीची मुक्त ऊर्जा शून्य व्होल्टला अर्ध्या हायड्रोजन रेणूइतकी धरतात, आणि विभव बदलले की त्यातून इलेक्ट्रॉनाचा प्रभार गुणिले विभव वजा करतात. त्यामुळे प्रोटॉन पृष्ठभागावर बसण्याची मुक्त ऊर्जा उणे ०.१ व्होल्टला ०.१ ईव्हीने कमी होते. चिन्हाची चाचणी याच वाक्याने करावी. विभव ऋण केल्यावर हायड्रोजन बसणे अवघड होत असेल, तर चिन्ह उलटे लागले आहे.

उलटता येण्याजोग्या हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मोजपट्टीवर काम करत असाल, तर पीएचचा हिशेब त्या मोजपट्टीतच झालेला असतो. प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरत असाल, तरच दर पीएचला ०.०५९ व्होल्ट धरावे. दोन्हीकडे धरणारे लेख वाचायला मिळतात.

ऑक्सिजनच्या अभिक्रियांकडे वळणाऱ्यांनी ऑक्सिजन रेणूची डीएफटी ऊर्जा थेट वापरू नये. पीबीई त्याचे बंधन सुमारे १ ईव्हीने जास्त दाखवते. पाण्याच्या दोन रेणूंच्या निर्मितीची प्रायोगिक मुक्त ऊर्जा ४.९२ ईव्ही घेऊन, पाणी आणि हायड्रोजन यांच्या गणनेतून ऑक्सिजनची ऊर्जा मागे काढावी. द्रवरूप पाण्यासाठी वायुरूप रेणू ०.०३५ बार दाबाला धरतात, कारण सामान्य तापमानाला त्या दाबाची वाफ द्रवाशी समतोलात असते. हायड्रॉक्सिलसारख्या घटकांना भोवतालचे पाणी चांगलेच स्थिर करते, त्यामुळे तिथे द्रावणाचा परिणाम वगळता येत नाही. हायड्रोजनच्या अणूवर तो परिणाम लहान असतो.

या सगळ्यातून जे मिळते ते ऊष्मागतिकीचे उत्तर आहे. मुक्त ऊर्जा शून्याजवळ असणे चांगल्या उत्प्रेरकासाठी आवश्यक असले, तरी अभिक्रियेचा वेग मधल्या अडथळ्यांवर ठरतो आणि ते या रीतीत आलेलेच नाहीत. सामान्य तापमानाला अडथळ्यातली ०.०६ ईव्हीची चूक वेगात दहापट फरक पाडते. ‘आमचा पदार्थ प्लॅटिनमपेक्षा वेगवान’ असे विधान केवळ टप्पा ९ पर्यंतच्या कामावरून करता येत नाही.

## टप्पा १० : नोंद

प्रत्येक आकड्यासोबत कोणती इनपुट फाइल, कोणत्या स्यूडोपोटेन्शियल फाइली (पूर्ण नावांसह), प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती, किती थर, त्यातले किती स्थिर, के-पॉइंट, स्मिअरिंग, द्विध्रुव दुरुस्तीचे स्थान आणि कोणते आच्छादन हे लिहिलेले असावे. तीन गणनांच्या इनपुट फाइली शेजारी ठेवून ओळीओळीने तुलना करणारी आज्ञा चालवावी. रिकामा स्लॅब आणि हायड्रोजन असलेला स्लॅब यांच्यात फक्त अणूंची संख्या, घटकांची यादी आणि निर्देशांक एवढेच वेगळे दिसले पाहिजे. आणखी एखादी ओळ वेगळी निघाली, तर तक्त्यातला आकडा खोडून दोन्हींपैकी एक गणना पुन्हा चालवावी.